बोर्डिंग : एका परक्या शब्दाचा कोल्हापुरातला मुक्काम

कोल्हापुरात एस.टी. स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं 'बोर्डिंगला चला' म्हणून भागत नाही. तो मान मागे वळवून विचारणार, 'कुठल्या?' मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, सारस्वत, प्रिन्स, मिस क्लार्क... या गावात बोर्डिंग हे नाम एकटं फिरत नाही, त्याच्या पुढं नेहमी कुणीतरी चालत असतं. इतर शहरांत हाच शब्द 'लॉजिंग-बोर्डिंग' अशा जोडीनं हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. पाचगणीकडं डोळे लागलेल्या घरांत 'बोर्डिंग स्कूल' म्हणजे भरपूर फी भरून मुलाला दूर ठेवण्याची जागा. उजळाईवाडीच्या विमानतळावर बोर्डिंग म्हणजे विमानात चढणं. आम्हां कोल्हापूरकरांच्या मनात मात्र या शब्दाचा पहिला अर्थ वेगळाच आहे. खेड्यातलं गरिबाचं पोरगं शिकायला शहरात येतं आणि जिथं त्याला वळकटी टाकण्यापुरती जागा व दोन वेळचं जेवण मिळतं, ते बोर्डिंग.

इंग्रजीत या शब्दाचं मूळ 'बोर्ड'मध्ये आहे आणि बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. फळी टेकणावर ठेवली की मेज झालं. मेजावर अन्न येतं म्हणून पुढं अन्नालाच बोर्ड म्हणू लागले आणि ठरलेल्या पैशांत जिथं जेवणासह राहायला मिळतं ते बोर्डिंग हाऊस ठरलं. मेजाभोवती बसून खलबत करणारी मंडळी म्हणजेही बोर्डच. लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, दहावी-बारावीच्या परीक्षेचं बोर्ड ही सगळी त्या मेजाची लेकरं. जहाजाच्या लाकडी बाजूलाही बोर्ड म्हणत. तेव्हा जहाजावर पाय ठेवणं हे बोर्डिंग झालं आणि आज विमानतळावर आपल्या हातात पडणारा पास तिथूनच आला.

आपल्या भाषांनीही फळीशी असाच संसार केलेला आहे. फारसीतला तख्त म्हणजे मुळात फळीच, पण तिच्यावर बादशहा बसला आणि ती सिंहासन झाली. त्याच घरातून मराठीला तक्ता मिळाला, तक्तपोशी मिळाली. मराठीचा स्वतःचा पाट पाहा. जेवायला बसण्याची फळी ती पाट, आणि 'पाटपाणी झालं का?' म्हणजे जेवणाची तयारी झाली का? इंग्रजाच्या बोर्डाचा अन्नाकडं जो प्रवास झाला, तोच आपल्या पाटाचा झालेला आहे. आमच्या घरांत पाट नव्हते, दस्तरखान होतं. तिथं लाकडाऐवजी कापड आहे इतकंच. फळी असो की कापड, अन्न ज्याच्यावर मांडलं जातं त्याचं नाव अन्नाला चिकटतं. बोर्डिंग या शब्दाच्या पोटात जेवण आहे ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत ध्यानात ठेवावी लागेल. 'वसतिगृह' म्हटलं की फक्त राहणं उरतं.

हा शब्द येण्यापूर्वी गरिबाच्या मुलानं परगावी शिकायचं कसं? ब्राह्मण मुलाला त्यासाठी जुनी वाट होती. पाच घरी माधुकरी मागायची किंवा वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ही वाट सुखाची नव्हती. पंगतीच्या कडेला बसून दुसऱ्याच्या घरचं अन्न खाताना त्या मुलांना काय वाटे हे मराठी आत्मचरित्रांतून भरपूर वाचायला मिळतं. पण वाट होती. मराठ्याच्या, कुणब्याच्या, धनगराच्या मुलाला ती नव्हती. बागवान, पिंजारी, शिकलगार, मुजावर, अत्तार यांच्या मुलांना तर नव्हतीच, आणि महाराच्या, चांभाराच्या मुलाला शहरात साधी खोली भाड्यानं मिळणंही अवघड. आमच्या समाजात उपाशी माणसाच्या सोयीचे शब्द होते, नाही असं नाही. दर्ग्याचा लंगर होता, मुसाफिरखाना होता, यतीमखाना होता. परंतु लंगर हा एका जेवणाचा, मुसाफिरखाना चार रात्रींचा आणि यतीमखान्यात जायला आधी बाप मरावा लागे. माधुकरी, वार, लंगर, यतीमखाना या साऱ्या शब्दांत देणाऱ्याचा हात वर दिसतो आणि घेणाऱ्याची मान खाली. 'बोर्डिंग' परका होता हेच त्याचं भाग्य. त्याला ना दयेचा वास होता, ना विटाळाचा. गरिबाचा मुलगा 'मी बोर्डिंगात राहतो' असं मान वर करून सांगू शकत होता.

राजर्षी शाहू महाराजांना १८९४ साली राज्याधिकार मिळाले. शाळा-कॉलेजं आहेत, पण खेड्यातली मुलं त्यांत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, याचं कारण त्यांनी लवकर ओळखलं. अडचण वर्गातल्या बाकाची नव्हती, भाकरीची आणि पथारीची होती. राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सर्व जातींचं एकच वसतिगृह चालवण्याचा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला. तिथं इतरांची मुलं टिकेनात. त्यानंतर १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. राणी व्हिक्टोरिया त्याच वर्षाच्या जानेवारीत वारली होती, तिचं नाव मराठ्यांच्या पोरांच्या जेवणघरावर लागलं. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत, १९०८ साली दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजाचं, आणि त्याच १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. ही मिस क्लार्क म्हणजे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी. पुढं १९१५ साली सारस्वतांचं आणि ख्रिश्चनांचं, १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. १९१८ साली शिकारीत अपघाती मरण पावलेल्या धाकट्या राजपुत्राची ती आठवण. महाराज १९२२ साली गेले, तोवर ही संख्या विसाच्या आसपास पोचली होती. कोल्हापूरला 'विद्यार्थी वसतिगृहांची जननी' म्हणू लागले ते यामुळं. तसं म्हणणारे वसतिगृह म्हणत, राहणारे बोर्डिंग म्हणत. नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२चा जाहीरनामा आणि १९१७चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांचा उल्लेख भाषणांतून नेहमी होतो. पण राखीव जागेवर बसायला मुलगा शिकलेला लागतो आणि शिकायला तो आधी जेवलेला लागतो. हा मधला दुवा बोर्डिंगांनी जोडला.

आमच्या समाजाच्या बोर्डिंगची कथा थोडी निराळी आहे. इतर समाजांत पुढारी पुढं आले आणि महाराजांनी जागा, पैसा दिला. मुसलमानांत असा पुढाकार दिसेना. तेव्हा महाराजांनी निवडक मुस्लिम मुलांची सोय आधी मराठा बोर्डिंगातच करून दिली. मग १९०६ साली गावातल्या प्रतिष्ठित मुसलमानांना बोलावून घेतलं, मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली आणि तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. एका हिंदू छत्रपतीनं मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्ष व्हावं ही गोष्ट आज सांगताना लोकांना नवलाची वाटते. त्या वेळच्या कोल्हापुरात तिचा फार गाजावाजा झाला असेल असं आम्हांला वाटत नाही. घरचा कर्ता माणूस पोरगं शाळेत जात नाही म्हटल्यावर त्याचा कान धरून नेतो, तशातलाच तो प्रकार. दसरा चौकातली जागा दिली, इमारतीला मदत दिली, काही दर्गे-मशिदींच्या उत्पन्नाचा भाग शिक्षणाकडं वळवला. याच महाराजांनी कुराणाचं मराठी भाषांतर व्हावं म्हणून पैसा खर्च केला हेही इथं सांगायला हवं. आमच्या लोकांची घरातली बोली दखनी असली तरी शाळेची, बाजाराची, कोर्टकचेरीची भाषा मराठी आहे, हे त्यांनी जाणलं होतं.

इथं अलीगढची आठवण होते. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ साली सुरू केलेल्या शाळेचं पुढं कॉलेज झालं, तेही राहून शिकण्याचंच. तिथं ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नमुना समोर होता. एकत्र राहावं, एकत्र जेवावं, त्यातून शिस्त आणि बिरादरी तयार व्हावी. पण अलीगढची ती सोय मुख्यतः उत्तरेतल्या शरीफ, खात्यापित्या घराण्यांच्या मुलांसाठी होती. कोल्हापूरच्या बोर्डिंगात आला तो हातावर पोट असणाऱ्यांचा मुलगा. उर्दूत अशा जागेला 'दारुल-इकामा' असा भारदस्त शब्द आहे. आमच्या कोल्हापुरात तो कधी रुजला नाही. सोसायटीच्या नावातलं 'मोहमेडन' लोकांच्या बोलण्यातून गळून गेलं. कोलकात्याच्या फुटबॉल क्लबानं ते नाव अजून जपलं आहे, कोल्हापुरानं 'मुस्लिम' घेतलं. 'बोर्डिंग' मात्र कुणी बदललं नाही.

आता त्या शब्दापुढच्या विशेषणांकडं वळलं पाहिजे, कारण वाद तिथंच आहे. जातीजातींची वेगळी बोर्डिंगं काढून शाहू महाराजांनी जाती पक्क्या केल्या, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला, आजही घेतला जातो. आक्षेप पोकळ नाही. त्याचा सर्वांत मोठा पुरावा एका बोर्डिंगातच घडला. भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर, तेव्हा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यायचं, असा हुकूम झाला. अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आल्याचा तो विटाळ. भाऊरावांनी अंघोळ करायचं नाकारलं आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. आणि त्या बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, ब्राह्मणेतर चळवळीतलं मोठं नाव, ज्यांनी पुढं शाहू महाराजांचं पहिलं इंग्रजी चरित्र लिहिलं! परक्या शब्दाला विटाळाचा वास नव्हता असं आम्ही वर म्हटलं. शब्दाला नव्हता; पुढं लावलेल्या विशेषणानं तो आत आणला.

भाऊरावांनी या प्रसंगातून काय घेतलं ते महाराष्ट्र जाणतो. १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ साली साताऱ्याला त्यांचं बोर्डिंग सुरू झालं. महार, मराठा, मांग, जैन, मुसलमान सगळी मुलं एका छताखाली, एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. १९३२ साली पुणे करारानंतर पुण्यात निघालेल्या बोर्डिंगाचं नाव तर त्यांनी 'युनियन बोर्डिंग हाऊस' ठेवलं. विशेषणाच्या जागी आता जात नाही, एकी आहे. आणि शब्दातलं जेवण? खेडोपाडी बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढत, त्या मुष्टिफंडातून ते येई. एकदा मुलांना शिजवून घालायला घरात काही उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी गळ्यातलं मंगळसूत्र दिलं. बोर्ड म्हणजे अन्न, हा इंग्रजी कोशातला अर्थ त्या माउलीला कुणी सांगितला नसेल.

मग शाहू महाराज चुकले आणि भाऊराव बरोबर, असं म्हणायचं का? आमचं मत तसं नाही. १९०१ साली एकत्र पंगतीचं बोर्डिंग काढलं असतं तर ज्यांच्यासाठी काढायचं त्यांच्याच आईबापांनी मुलं पाठवली नसती. एकत्र वसतिगृहाचा प्रयोग करून झालेला होता, हे आक्षेप घेणारे विसरतात. 'मुस्लिम बोर्डिंग' हे नाव पाहिल्यावर खेड्यातल्या बापाला भरवसा वाटला की पोराचं हलाल-हराम सांभाळलं जाईल, नमाज चुकणार नाही. त्या भरवशावर पोरगं शहरात आलं आणि इथं आल्यावर राजाराम हायस्कुलाच्या वर्गात मराठा, जैन, ब्राह्मण मुलांच्या शेजारी बसलं. पथारी वेगळी, बाक एकच. दारात शिरताना विशेषणाची गरज होती. विशेषण दारातच न ठेवता शंभर वर्षं अंगावर वागवलं, हा दोष महाराजांच्या पदरात टाकता येत नाही. आणखी एक उणीव सांगायची राहते. शाहूकाळातली ही बोर्डिंगं मुलग्यांची होती. आमच्या बहिणींसाठी हा शब्द फार काळ भावाच्या डब्यापुरताच राहिला.

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. सरकारी कागदावर 'वसतिगृह' आलं, 'छात्रालय' आलं, 'अधीक्षक' आले. बोर्डिंगातल्या पोरांनी सुपरिंटेंडेंटचा 'सुप्रिटेन' करून टाकला होता, तो हळूहळू 'रेक्टर' झाला. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आलं आणि तिथं 'होस्टेल' हा शब्द चालू झाला. इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली तशी होस्टेलची ऐट वाढली. शब्दांची ही उतरंड बारकाईनं पाहण्यासारखी आहे. होस्टेल हाही इंग्रजीच, बोर्डिंगचाच भाऊबंद, पण 'होस्टेलचा मुलगा' म्हटलं की फी भरणारा डोळ्यांपुढं येतो, 'बोर्डिंगचा मुलगा' म्हटलं की न भरणारा. वसतिगृह हा अर्जात लिहायचा शब्द, तोंडात क्वचित. जेवणाची सोय वेगळी होऊन 'मेस'मध्ये गेली. हल्ली पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेली आमची मुलं 'रूमवर' राहतात, 'पीजी'त राहतात, किंवा 'कॉट बेसिस'वर. कॉट बेसिस या शब्दाला तर आम्ही दाद देतो. फिरून गाडी फळीवर आली! एका माणसाच्या मापाची फळी, तिचं महिन्याचं भाडं, आणि शेजारच्या फळीवर कोण झोपतं याच्याशी संबंध नाही. शिवाय त्या शहरात आडनाव ऐकल्यावर 'जागा भरली' म्हणणारे घरमालक आमच्या मुलांना भेटतात, तेव्हा १९०१ सालची अडचण संपली आहे असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

आमच्या बोलण्यात या शब्दाला जे प्रत्यय लागतात त्यांच्याकडंही लक्ष द्यायला हवं. 'बोर्डिंगात' म्हटलं की राहणं. 'तो बोर्डिंगात होता', म्हणजे तिथं वाढला, तिथलं खाल्लं. 'बोर्डिंगवर' म्हटलं की जमणं. ईदची नमाज बोर्डिंगवर, सभा बोर्डिंगवर, पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करायची तर भेटू बोर्डिंगवर. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग हे आज कोल्हापूरच्या मुसलमानांचं गावचावडीसारखं ठिकाण आहे. मोर्चाला बसलेल्यांना पाणी द्यायचं असो, शांतता समितीची बैठक असो, शहराला आमच्याशी बोलायचं असलं की ते तिथंच येतं. हा मान थोडा नाही. पण मागच्या पिढीच्या तोंडी 'बोर्डिंगात' अधिक होतं आणि आमच्या पिढीच्या तोंडी 'बोर्डिंगवर' अधिक आहे. पहिल्यात शब्द घर होता, दुसऱ्यात तो पत्ता झाला. आमच्यापैकी किती जण वर्षातून दोनदा त्या पटांगणात नमाजीला उभे राहतात आणि तिथं राहणाऱ्या-शिकणाऱ्या मुलाच्या ताटात काय पडतं हे कधी विचारत नाहीत, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

दखनीत हा फरक अजून ऐकू येतो. 'बोर्डिंगपो जमात है' निराळं आणि 'बोर्डिंगमें रहको पढ्या' निराळं. दुसरं वाक्य म्हातारी माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात एक ताठा असतो. खेड्यातून आलेला कुणी वकील झाला, मास्तर झाला, मामलेदार कचेरीत कारकून झाला, की त्याच्या हुशारीच्या आधी हे वाक्य सांगितलं जाई. आज नातवाचा फोन येतो, 'दादी, होस्टेल मिल गया.' दादी आनंदते, दुवा देते आणि लगेच विचारते, 'और खाने का?' त्याच्या आजोबाला बोर्डिंग मिळालं तेव्हा हा सवाल त्यांच्या घरात कुणी केला नव्हता.